इन्सुलिनची गोळी का मिळत नाही?

कोथरूडला डहाणूकर कॉलनीत आमची सोसायटी आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे निवृत्त झालो तरी सोसायटीतली औषधांविषयीची चौकशी माझ्याकडेच येते. कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची, कोणती जेवणानंतर, दोन गोळ्या एकत्र चालतील का, असे प्रश्न असतात. उत्तरं देण्यात माझाही वेळ बरा जातो. गेल्या महिन्यात मात्र एक प्रश्न असा आला, की उत्तर देताना मला प्रत्येक शब्द तोलून वापरावा लागला.

आमच्या खालच्या मजल्यावर नववीत शिकणारा एक मुलगा राहतो. सातव्या वर्षापासून त्याला मधुमेह आहे. टाइप १ प्रकारचा. या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. हा मुलगा दिवसातून चार वेळा पोटावर किंवा मांडीवर पेन टेकवून इन्सुलिन घेतो. वर्षाचा हिशेब केला तर १४६० वेळा सुई. एका संध्याकाळी त्याची आई हातात मोबाइल घेऊन आली. नात्यातल्या कोणीतरी तिला निरोप पाठवला होता की, इन्सुलिनची गोळी बाजारात आली आहे, आता सुई बंद करायला हरकत नाही. "काका, हे खरं आहे का हो?" तिनं विचारलं. तिच्या मागे मुलगा उभा होता. त्याचा प्रश्न वेगळा होता. "आजोबा, तापाची गोळी असते, बीपीची असते, मग इन्सुलिनचीच का नाही? शंभर वर्षं झाली ना शोध लागून?"

मुलाचं म्हणणं बरोबर होतं. कॅनडात टोरांटो इथं बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं काढलं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आलं. तोंडानं इन्सुलिन देऊन पाहण्याचे प्रयत्नही त्याच दशकात सुरू झाले. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण ही गोळी काही दुकानात आली नाही. असं का व्हावं? शास्त्रज्ञ कमी पडले, की कंपन्यांना नको होतं? लोक दोन्ही बोलतात. खरं कारण आपल्या पोटात आहे.

आधी आकाराचा विचार करू. रेणूचं वजन मोजण्याचं एक परिमाण असतं. त्या मापानं पॅरासिटामॉलचं वजन भरतं १५१. मधुमेहाच्या नेहमीच्या मेटफॉर्मिनचं १२९. इन्सुलिनचं वजन आहे ५८०८. म्हणजे पॅरासिटामॉलच्या सुमारे अडतीस पट. औषधं शोधणाऱ्यांमध्ये १९९७ पासून एक ढोबळ नियम प्रचलित आहे, की रेणूचं वजन ५०० च्या वर गेलं की ते औषध आतड्यातून नीट शोषलं जाण्याची आशा कमी होत जाते. इन्सुलिन त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहे.

दुसरी गोष्ट, इन्सुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांची ती माळ आहे. आपण वरण-भात खातो तेव्हा डाळीतल्या प्रथिनांचं काय होतं? जठरातलं आम्ल त्यांची घडी उलगडतं, पेप्सिन त्यांचे तुकडे करतं, आणि पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेले ट्रिप्सिनसारखे पाचकरस त्या तुकड्यांचा अगदी चुरा करतात. पोटाला इन्सुलिन आणि तुरीची डाळ यांत फरक कळत नाही. महागडं इन्सुलिन गिळलं तर त्याचं वरण होतं, एवढंच!

यावर कोणीही म्हणेल, की गोळीला असं वेष्टण द्या, जे जठरात विरघळणार नाही. असं वेष्टण आहे आणि फार पूर्वीपासून वापरात आहे. ॲसिडिटीच्या कित्येक गोळ्या त्यामुळेच चावायच्या किंवा फोडायच्या नसतात. त्यानं जठराचा प्रश्न सुटतो, पण पुढचा मोठा प्रश्न शिल्लक राहतो. तो म्हणजे आतड्याची भिंत.

ही भिंत समजून घेण्यासारखी आहे. तिला घड्या आहेत, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे उंचवटे आहेत आणि त्या उंचवट्यांवरच्या पेशींना पुन्हा अतिसूक्ष्म लव आहे. हे सगळं पसरलं तर टेनिसच्या मैदानाएवढं होईल, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं मोजमाप केलं, तेव्हा ते सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाएवढं. हेही काही कमी नाही. आणि एवढ्या क्षेत्रफळावर बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामध्ये राखणदारीला काय आहे? एक बुळबुळीत थर आणि त्याखाली पेशींची एकच रांग. या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. दोन पेशींमधले सांधे इतके घट्ट असतात, की त्यांतून पाणी आणि क्षार झिरपतात, पण इन्सुलिनएवढा रेणू सहसा जात नाही. पेशीच्या अंगातून जावं तर तिचं आवरण तेलकट, आणि इन्सुलिन पाण्यात रमणारं. तिथंही त्याला वाट नाही.

ऐकणाऱ्याला वाटेल, निसर्गानं भलतीच अडचण करून ठेवली. पण तसं नाही. भिंतीच्या अलीकडे अब्जावधी जंतू आहेत, त्यांची विषं आहेत, अर्धवट पचलेलं अन्न आहे. ते सगळं थेट रक्तात शिरू लागलं तर आपण फार दिवस जगणार नाही. इन्सुलिनला अडवणारी भिंत आणि आपल्याला जिवंत ठेवणारी भिंत एकच आहे.

हे दार कधीच उघडत नाही का? उघडतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या गोठ्यात आहे. गाय व्याली की पहिला चीक वासराला पाजायचा असतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खरवस माणसांनी खायचा तो वासराचं भागल्यावर. या चिकात गाईच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं असतात. त्यांचं वजन सुमारे दीड लाख, म्हणजे इन्सुलिनच्या पंचवीस पट. नवजात वासराच्या आतड्यातून ती अखंड रक्तात जातात! पण हे फक्त पहिल्या दिवसापुरतं. साधारण चोवीस तासांत वाट बंद होते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी तो नुसता पचतो. निसर्ग मोठ्या रेणूसाठी दार उघडतो, पण थोडा वेळ, ठरावीक कामासाठी, आणि लगेच लावून घेतो. या विषयातल्या संशोधकांना हीच युक्ती साधायची आहे.

इथं एक शंका नेहमी येते. पोलिओचा डोस तोंडानं देतात, तो कसा चालतो? पोलिओचा विषाणू औषधासारखा झिरपण्याची वाट पाहत नाही. त्याच्याजवळ पेशीत शिरण्याची किल्ली असते आणि आत शिरल्यावर तो स्वतःची संख्या वाढवतो. इन्सुलिनजवळ अशी किल्ली नाही आणि ते वाढतही नाही. जेवढं गिळलं तेवढंच, त्यातून जेवढं वाचेल तेवढं.

आता प्रयत्नांकडे वळू. त्यातला एक आपल्या अगदी शेजारचा आहे. पौड फाट्यावरून आत आलं की एरंडवण्यात भारती विद्यापीठाचं पूना कॉलेज ऑफ फार्मसी लागतं. तिथल्या डॉ. वर्षा पोखरकर आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. मुरली शास्त्री यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर इन्सुलिन बसवलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात हे कण काइटोसान वापरून तयार केले होते. काइटोसान मिळतं कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि आतड्याच्या बुळबुळीत थरावर ऋण. त्यामुळे ते तिथं चिकटून राहतं, आणि पेशींमधले सांधेही थोडे सैल करतं. मधुमेही उंदरांना हे तोंडावाटे दिल्यावर दोन तासांत त्यांची रक्तशर्करा सुमारे ३० टक्क्यांनी उतरली. पण त्यासाठी मात्रा द्यावी लागली वजनाच्या प्रत्येक किलोला ५० युनिट. नाकावाटे दिलं तेव्हा किलोला १० युनिट दिली होती आणि साखर २० टक्क्यांनी उतरली. म्हणजे वाट सापडते, पण वाटेत सांडतं फार.

दुसरा प्रयत्न बंगळूरच्या बायोकॉन कंपनीचा. त्यांनी इन्सुलिनच्याच रेणूत थोडा फेरफार करून गोळी केली. माणसांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल जानेवारी २०११ मध्ये आला. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गोळीला गाठता आलं नाही. तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचीही साखर अपेक्षेपेक्षा जास्त सुधारली, असं कंपनीनं सांगितलं. चाचणीत असलेला माणूस खाणंपिणं सांभाळू लागतो, हे आपण व्यवहारातही पाहतो.

तिसरा प्रयत्न डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कचा. शेळीच्या दुधात आणि खोबरेल तेलात कॅप्रिक आम्ल असतं. त्याचा क्षार पेशींचे सांधे काही मिनिटांपुरते सैल करतो. त्याच्या जोडीनं इन्सुलिनची गोळी करून पन्नास रुग्णांची आठ आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना रोजचं इंजेक्शन. २०१९ मध्ये निकाल छापून आला. गोळीनं साखर इंजेक्शनइतकीच ताब्यात ठेवली होती! तरीही कंपनीनं काम थांबवलं. कारण गोळीत इंजेक्शनच्या कित्येक पट इन्सुलिन घालावं लागत होतं आणि त्यातलं बहुतेक वाया जात होतं. एवढ्या इन्सुलिनची गोळी परवडणार कोणाला? यशस्वी होऊनही मागे पडलेला हा प्रयोग मला फार बोलका वाटतो.

चौथं नाव आपल्या सोलापूरचं. डॉ. समीर मित्रगोत्री यांचा जन्म सोलापूरचा, रसायन अभियांत्रिकीचं शिक्षण माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये. आता ते हार्वर्ड विद्यापीठात आहेत. २०१८ मध्ये त्यांच्या गटानं इन्सुलिन एका दाटसर द्रवात मिसळून कॅप्सूलमध्ये भरलं. हा द्रव कोलीन आणि जेरॅनिक आम्ल यांपासून होतो. कोलीन हे एक पोषकद्रव्य, आणि जेरॅनिक आम्ल गवती चहात, वेलदोड्यात सापडतं. हा द्रव पाचकरसांपासून इन्सुलिनला वाचवतो, बुळबुळीत थर पातळ करतो आणि सांधेही सैल करतो. एकाच द्रवात तीन कामं. उंदरांमध्ये किलोला १० युनिट एवढ्याच मात्रेत साखर ४५ टक्क्यांपर्यंत उतरली. शिवाय या द्रवातलं इन्सुलिन साध्या तापमानाला दोन महिने टिकलं. ज्या घरात फ्रिज नाही आणि इन्सुलिन माठाच्या गारव्यात ठेवतात, तिथं या गोष्टीची किंमत कळेल.

मित्रगोत्री यांच्याकडेच पीएच.डी. केलेल्या कॅथरिन व्हाइटहेड पिट्सबर्गला काम करतात. त्यांच्या गटानं शंभरेक फळं-भाज्यांचे अर्क तपासले आणि त्यांची निवड पोहोचली स्ट्रॉबेरीवर. तिला लाल रंग देणारं द्रव्य आतड्याचे सांधे तात्पुरते सैल करतं आणि नंतर ते पूर्ववत होतात, असं त्यांना उंदरांमध्ये आढळलं. हे २०२२ चं काम. मात्र कोणी महाबळेश्वरहून पेटी आणून स्ट्रॉबेरीबरोबर इन्सुलिन पिऊ नये. प्रयोगात शुद्ध केलेलं द्रव्य, मोजलेली मात्रा आणि वेष्टणाची कॅप्सूल होती, आणि प्राणी उंदीर होता.

मग मोबाइलवरचा तो निरोप काय होता? मी तो नीट वाचला. तो इन्सुलिनबद्दल नव्हताच. सेमाग्लुटाइड नावाचं एक औषध आहे, टाइप २ मधुमेहाचं. ते आधी फक्त आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं इंजेक्शन होतं. त्याचं वजन सुमारे ४१००, म्हणजे तोही मोठा रेणू. त्याची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाली आणि भारतात जानेवारी २०२२ मध्ये आली. 'मधुमेहाच्या इंजेक्शनची गोळी आली' याचं निरोपानिरोपी 'इन्सुलिनची गोळी आली' झालं होतं. हे औषध शरीर स्वतः जे इन्सुलिन बनवतं त्याला जोर देतं. ज्या मुलाचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्याला ते इन्सुलिनच्या जागी चालणार नाही.

तरी ही गोळी पाहण्यासारखी आहे, कारण मोठा रेणू तोंडावाटे देण्यात माणसाला कुठवर यश आलं आहे ते तिच्यावरून कळतं. तिच्यात औषधाबरोबर ३०० मिलिग्रॅम एक सहायक क्षार असतो. गोळी जठराच्या तळाशी टेकून विरघळते, तेव्हा तो क्षार तेवढ्या जागेपुरतं आम्ल कमी करतो, पेप्सिनला रोखतो आणि रेणूला जठराच्या भिंतीतून आत जायला मदत करतो. इतकं करून आत किती जातं? शंभरात जेमतेम एक भाग. इंजेक्शनची आठवड्याची मात्रा १ मिलिग्रॅम असते, तर रोज १४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्याच्या पोटात आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध जातं.

म्हणूनच या गोळीचे नियम कडक आहेत. सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त पाणी नाही, आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी ही गोळी दोन महिने चहा-बिस्किटाबरोबर घेत होते. साखर हलेना म्हणून काळजीत होते. मी म्हटलं, "अहो, शंभरातला एकच भाग आत जातो, तोही तुम्ही चहात बुडवलात!" डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं, आणि वाढणारी मात्रा वाढायची थांबली.

मग अशीच युक्ती इन्सुलिनला का लागू होत नाही? इथं खरी मेख आहे. समजा, आज औषधाचा एक टक्का आत गेला आणि उद्या दोन टक्के गेला. सेमाग्लुटाइड शरीरात इतकं सावकाश कमी होतं, की निम्मं व्हायला त्याला आठवडा लागतो. त्यामुळे रोजचा चढउतार त्यात मिसळून जातो. इन्सुलिनचं तसं नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन काही तासांत आपलं काम उरकतं. ते दुप्पट गेलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. निम्मं गेलं तर साखर चढते. आमच्या मुलाच्या पेनावर एकेका युनिटाची खूण आहे, कारण त्याला एकेका युनिटाचा हिशेब लागतो. काल भेळ खाल्ली होती की उपास होता, यावर ज्याची मात्रा बदलेल, अशी गोळी त्याच्या हातात कशी द्यायची? जास्त इन्सुलिन आत घालणं हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. रोज तितकंच घालणं हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त अवघड आहे. त्यात दार रोज तीन-चार वेळा, आयुष्यभर सैल करत राहिलं तर त्यातून दुसरं काय आत शिरेल, हेही वर्षानुवर्षं पाहावं लागेल.

एवढं सगळं असूनही लोक या गोळीच्या मागे का लागले आहेत? फक्त सुई टळावी म्हणून नव्हे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृताकडे जातं, कारण आतड्याकडचं रक्त तिकडेच जातं. टोचलेलं इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात पसरतं. आतड्यातून शोषलेलं इन्सुलिन निसर्गाच्या मूळ वाटेनं जाईल. म्हणून हा ध्यास सुटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इस्रायलच्या एका कंपनीची मोठी चाचणीही अयशस्वी झाली, तरी काम थांबलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी हे सगळं मुलाला सोप्या शब्दांत सांगितलं. वासराची गोष्ट त्याला आवडली. त्याच्या आईला मात्र मी बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "कोणी गोळी म्हणो, काढा म्हणो, चूर्ण म्हणो, याचं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्लं साठतात आणि जिवावर बेततं. गोळी खरोखर आली, तर ती तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील, मोबाइल नाही." ती काही बोलली नाही. आशेवर पाणी पडलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाईट वाटलं, पण खोट्या आशेची किंमत त्या मुलाला मोजावी लागली असती.

जाताना मुलगा दारात थांबला. म्हणाला, "म्हणजे आजोबा, दार उघडायचं एवढंच नाही, वेळेवर लावायचंही आहे." मी म्हटलं, "आणि रोज तेवढंच उघडायचं." त्यानं घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. साखर तपासायची पट्टी आणि पेन घ्यायला तो खाली गेला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)